आई उपाशी नाही, हे कळावे

मु. पो. खोडद, ता. जुन्नर
रविवार, २६ नोव्हेंबर २०००

सौ. साळुआक्काला,

धाकट्या जालिंदरचा वाकून नमस्कार. दाजींना माझा रामराम सांग आणि त्यांच्या गुडघ्याला आता कसं आहे ते दोन ओळींत कळव. (मागच्या वेळी त्यांनी स्वतः लिहिलं होतं, पण त्यात गुडघा कमी आणि कारखान्याची निवडणूक जास्त होती.) इकडे मी, पोरगी हर्षाली, आई आणि गाय, सगळे ठणठणीत आहोत. तुझी भावजय हिरा पुण्यात आहे, तीही बरी असावी. का 'असावी' म्हणतो ते पुढे येईलच.

तुझं कार्ड बुधवारी पोचलं. पोस्टमननं ते माझ्या हातात देताना तोंड बारीक केलं होतं, म्हणजे त्यानं वाटेत वाचलं होतं. (उघडं कार्ड असल्यावर त्याला तरी काय बोलायचं.) संध्याकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्यांपैकी निम्म्यांनी मला 'म्हातारी कशी हाय' म्हणून विचारलं. उरलेल्या निम्म्यांनी विचारलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि किटली पुढे सरकवली. म्हणून हे उत्तर पाकिटातून पाठवतोय.

तू लिहितेस की मी आईला उपाशी मारतोय, तिला सकाळ-संध्याकाळ नुसते टोमॅटो खायला घालतोय, तिच्या ऑपरेशन केलेल्या डोळ्यात रक्त उतरलंय आणि हे सगळं हिराच्या नर्सिंगच्या कोर्सापायी चाललंय. म्हणून येत्या तीन तारखेच्या रविवारी दाजींची जीप घेऊन तू आईला कायमची अवसरीला न्यायला येणार आहेस, आणि हिराला 'कोर्स सोड आणि घरी जा' असा निरोपही धाडला आहेस. आक्का, तू मोठी, तुझ्या शब्दापुढे मी कधी बोललो नाही. पण यातलं फक्त टोमॅटोचं खरं आहे, आणि तेही अर्धंच. तेव्हा झालं काय ते पहिल्यापासून सांगतो. दाजी बाहेर गेले असतील तेव्हा वाच. त्यांना मधेच हसायची सवय आहे.

हिरा ऑगस्टात पुण्याला गेली तेव्हा आईच म्हणाली होती की चूल मी बघते, जाऊ दे तिला. तिनं ती बघितलीही. पण दसऱ्यानंतर नारायणगावच्या शिबिरात आईचा मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरांनी बजावलं की आता धुराजवळ फिरकायचं नाही. आई काळा चष्मा लावून पडवीतल्या बाजेवर बसली आणि चूल माझ्याकडे आली. त्यात हातात पैसा नाही. हिराची फी, होस्टेल आणि मेस यांचं जे जायचं ते गेलं की डेअरीचा पगार मला दर्शन देऊन जातो, मुक्काम करत नाही. मग आम्ही घरच्या घरी बसून ठरवलं, की वाण्याकडून मीठ, तेल, गूळ आणि चहापत्ती एवढंच आणायचं. बाकी जे रानात, बांधावर आणि गोठ्यात आहे त्यावर भागवायचं. आईनं तेवढी एक अट घातली. म्हणाली, "गरिबीचं चालंल. बेचव नाय चालणार."

आता तुला माहीत आहे, मला स्वयंपाकातलं काय येत होतं. चहा. तोही हिरा म्हणायची की गाईला पाजण्याजोगा. पहिल्या दिवशी बाजरीची भाकरी करायला बसलो. पीठ भिजवलं तर ते हाताला चिकटून कोपरापर्यंत आलं. पाणी कढत लागतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि आई मुद्दाम सांगत नव्हती. तिचं म्हणणं, चुकल्याशिवाय माणसाच्या डोक्यात काही जात नाही. पडवीत बसून ती नुसतं ऐकत होती. मी थापायला लागलो तशी म्हणाली, "भाकर थापतोस का कुणाच्या थोबाडीत मारतोस?" आक्का, तिला तेव्हा धड दिसत नव्हतं, पण कानानं तिनं माझी एकेक भाकरी पाहिली. तव्यातल्या भाकरीवर पाणी फिरवायला उशीर झाला तर तिकडून आवाज यायचा, आणि करपायच्या आधीच तिला वास लागायचा. माझी पहिली भाकरी पुणे जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली होती. हर्षालीनं त्यात जुन्नर कुठं आणि आंबेगाव कुठं ते बोट ठेवून दाखवलं. (तुझी अवसरी जळाली होती.) ती भाकरी आम्ही दुधात कुस्करून खाल्ली. दुधात कुस्करल्यावर सगळ्या भाकऱ्या सारख्याच, हे मला त्या दिवशी कळलं आणि त्यावर मी पुढचा आठवडा काढला.

मग एक दिवस माझी भाकरी फुगली. टम्म. मी काही केलं नव्हतं, तिची तीच फुगली. मी तवा उचलून पडवीत नेला आणि आईच्या हाताला वाफ लागेल इतक्या जवळ धरला. तिनं ताट पुढं ओढलं आणि म्हणाली, "टाक."

तेव्हापासून आमचं बरं चाललं, आणि हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. बांधावरचा शेवगा आहे, त्याच्या पाल्याची भाजी आणि शेंगांचं कालवण. हरभरा वर आलाय, त्याचे शेंडे खुडून लसणाची फोडणी दिली की हर्षाली दोनदा मागते. घरच्या हुलग्याचं पीठ होतं, त्याची शेंगोळी केली. (पहिल्या खेपेला मी ती अंगठ्याएवढी जाड वळली. वरून शिजली आणि आतून कच्ची राहिली, म्हणून परत शिजत घातली, तर सगळ्यांची मिळून एकच शेंगोळी झाली. ती आम्ही कालथ्यानं कापून वाटून घेतली. चव चांगली होती.) शेंगदाणा घरचा, कारळे घरचे, मिरची घरची. ताक रोज. तेव्हा उपाशी कुणी नाही. आईचं वजन मी डेअरीच्या काट्यावर करायला निघालो होतो, पण ती म्हणाली मी काय दूध हाय का.

आता टोमॅटोचं. रखमाजींचं रान आपल्या रानाला लागून आहे, ते तुला आठवत असेल. त्यांचा टोमॅटो यंदा नुसता लदबदला, आणि नेमका तेव्हाच नारायणगावचा बाजार पडला. तोडायची मजुरीसुद्धा निघेना. एका सकाळी ते मला बांधावर भेटले आणि म्हणाले, "जालिंदर, तुला किती पायजेत तेवढं ने. माझ्याच्यानं ह्यांच्याकडं बघवत नाय." मी सायकलला दोन क्रेट बांधून आणले. दुसऱ्या दिवशी परत दोन. फुकटाचं दिसलं की माणसाची नजर मोठी होते, आणि सायकलचं कॅरिअर तेवढंच राहतं. एक क्रेट मारुतीच्या देवळापाशी सांडला, तर पुजारी म्हणाला आज देवाला शेंदूर नको. मग आमच्याकडे टोमॅटोची भाजी, टोमॅटोचं सार, टोमॅटोची चटणी, पिठल्यात टोमॅटो, ठेच्यात टोमॅटो असं चाललं. हर्षाली म्हणाली, पप्पा, चहात नका टाकू. मी विचारही केला नव्हता, पण तिनं म्हटल्यावर मला वाटलं की आता थांबावं. म्हणून उरलेले मी चिरून मीठ लावून वाळत घातले. बाजांवर घातले, पत्र्यावर घातले, आईच्या दोन जुन्या लुगड्यांवर अंगणभर घातले. वाळवले की वर्षभर पुरतात. आपलं ऊन फुकट आहे, ते का वाया घालवायचं.

त्याच दिवशी मी आईला तपासणीला नेऊन आणलं होतं आणि काळा चष्मा काढायला तिला परवानगी मिळाली होती. नारायणगावहून येताना ती म्हणाली, मी चष्मा वाटेत काढणार नाय, आपल्या दारात काढणार, पहिल्यांदा आपलं घर बघणार. मला ते बरं वाटलं. अंगणात आल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं, चष्मा काढला आणि डोळे उघडले. समोर लाल. खाली लाल, बाजांवर लाल, पत्र्यावर लाल. आई जागच्या जागी बसली आणि म्हणाली, "जालिंदर, माझ्या डोळ्यात रगत उतरलं रं."

नेमक्या तेव्हा शेजारच्या ठमाबाई विरजण मागायला आल्या होत्या. त्यांनी आईचं वाक्य ऐकलं, आईचा डोळा पाहिला (आईनं तो चोळला होता, त्यामुळे तो लाल दिसतही होता) आणि वाटी तिथंच ठेवून त्या गेल्या. अंगणाकडे त्यांनी पाहिलंच नाही. त्यानंतर मंचरच्या बाजारात त्या तुला भेटल्या, आणि पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांचा राग धरू नकोस. ती वाटी अजून आमच्याकडेच आहे, आणि ती न्यायला त्यांना तोंड नाही.

खरं सांगायचं तर मीही घाबरलो होतो. टोमॅटो मीच घातले होते, पण त्या घटकेला ते माझ्या डोक्यात आले नाहीत. मी आईला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि परत नारायणगावच्या रस्त्याला लागलो. मनात येत होतं, की डोळा गेला तर आक्काला काय सांगू आणि हिराला काय सांगू. तिला वाटेल, मी घरी असते तर झालं नसतं. गावाबाहेर त्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीची पहिली छत्री दिसते ना, तिथं आल्यावर आई मागून म्हणाली, "जालिंदर, ती छत्री पांढरीच हाय का अजून?"

मी म्हटलं, पांढरीच आहे.

"अन् तिच्या कडंला पाखरू बसलंय, ते तुला दिसतंय का?"

मी सायकल थांबवून पाहिलं. मला काही दिसेना. मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. मग ते उडालं, तेव्हा दिसलं.

"फिरव सायकल," आई म्हणाली. "माझा डोळा बरा हाय. तुझाच दाखवाय पायजे."

परत येईपर्यंत ती मागं बसून मला काय काय दिसतंय ते सांगत होती. कुणाच्या ज्वारीला पोटरी आलीय, कुणाच्या म्हशीचं शिंग मोडलंय, शाळेच्या भिंतीवर काय लिहिलंय. (वाचता येत नाही, पण निळ्या रंगात लिहिलंय एवढं तिनं सांगितलं.) किती दिवसांनी ती इतकं बोलली, आक्का. मी नुसतं हं हं म्हणत होतो, कारण समोर चढ होता.

एवढं झाल्यावर घरात काही गोडधोड व्हावं असं मला वाटलं. मी आईला विचारलं, काय खाशील? मला वाटलं शिरा म्हणेल. ती म्हणाली, मासवडी. आता मासवडी ही काय चीज आहे ते तुला मी सांगायला नको, पण ज्याला भाकरीला आठवडे लागले त्यानं मासवडीला हात घालावा का? बेसन घरच्या हरभऱ्याचं होतं. तीळ थोडे होते. सुकं खोबरं नव्हतं आणि आणणार नव्हतो, म्हणून त्याच्याऐवजी कारळे आणि शेंगदाणे भाजून कुटले. बेसन शिजवून घट्ट गोळा केला, फडक्यावर थापला, सारण भरलं आणि फडकं धरून वळायला गेलो, तर बेसन फडक्यालाच धरून बसलं. फडकं आधी ओलं करायचं असतं. (हेही आईनं नंतर सांगितलं.) मी ते खरवडून काढलं. वडी कसली, नुसते तुकडे निघाले. रस्सा तयार होता. मी ते सगळे तुकडे, सारणासकट, त्यात लोटले आणि वर झाकण ठेवलं, कारण डोळ्यांसमोर नको होतं.

तेवढ्यात दारात गेणभाऊ आले. हे आपल्याच गावचे, दुर्बिणीच्या ऑफिसची जीप चालवतात. आले होते दुधाचं कार्ड बदलून घ्यायला, पण जेवणाच्या वेळी आलेल्या माणसाला आई तशी सोडते का? तिनं मला ताट करायला सांगितलं. मी खूण केली की नको, तिनं पाहिली नाही. (पाखरू दिसतं, खूण दिसत नाही.) गेणभाऊ खाली मान घालून जेवले. परत रस्सा मागितला. ताट बोटानं पुसलं. मग वर पाहून म्हणाले, "मावशी, ही कंची भाजी म्हणायची?"

आईच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. म्हणाली, "ही आमच्या माहेरची रीत हाय. पावण्यालाच करत्यात."

दुसऱ्या दिवशी गेणभाऊ स्टीलचा डबा घेऊन हजर. दुर्बिणीवर नवे आलेले दोन साहेब क्वार्टरमध्ये एकटे राहतात, एक बंगालकडचे, एक केरळकडचे. घरची माणसं अजून यायची आहेत, आणि दोघं अंडी उकडून खाऊन कंटाळलेत. गेणभाऊंनी त्यांना जीपमध्ये या भाजीचं असं काही वर्णन केलं होतं की त्यांनी महिन्याचे पैसे आगाऊ दिले. मी पहिला डबा दिला तो कालच्या उरलेल्या रश्शाचाच. डबा धुऊन आल्यासारखा परत आला.

मग मला हुरूप चढला. म्हटलं, लोकांनी पैसे दिलेत तर त्यांना नीट घालू. मी नारायणगावहून सुकं खोबरं आणलं, खसखस आणली, फडकं ओलं केलं आणि मासवडी अशी केली, की आक्का, तू कापली असतीस तर तुलाही वाटलं असतं हिराच्या हातची आहे. माशासारखा आकार, आत काळं सारण, कडेनं पिवळं बेसन. डबा भरताना हर्षालीनं एक वडी उचलून पुन्हा ठेवली, खाल्लीसुद्धा नाही, इतकी चांगली दिसत होती. संध्याकाळी डबा आला तर आत अर्ध्या वड्या तशाच. गेणभाऊंना सांगायला जड जात होतं. म्हणाले, "साहेब म्हणत्यात, चांगलंय. पण कालचं ते वेगळं व्हतं."

दुसऱ्या दिवशी मी चांगली झालेली मासवडी मोडून रश्शात टाकली. ती परत आली. तिसऱ्या दिवशी फडकं कोरडं ठेवून पाहिलं. तीही थोडी परत आली. मला झोप लागेना. चुकून झालेली गोष्ट मुद्दाम कशी करायची, हे कुणाला विचारणार? शेवटी आईच म्हणाली, तू खोबरं घालतोस म्हणून. तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं की आत कारळे आहेत. मला वाटत होतं तिला कळलं नाही. मी कारळे-शेंगदाण्यावर परत आलो, आणि डबा परत धुऊन आल्यासारखा यायला लागला. तेव्हा जे खोबरं मी हौसेनं आणलं ते घरीच बरणीत पडलं आहे आणि जे बांधावर फुकट उगवतं त्याला दुर्बिणीवर मागणी आहे. आता तिथं डबे खाणारी आणखी काही माणसं निघालीत. आठवड्यातून एकदा ही भाजी, बाकी दिवशी शेंगोळी, पिठलं, शेवगा. वाळलेल्या टोमॅटोची पूड रश्शाला फार चांगली लागते. रखमाजींनाही मी एक डबाभर दिली. ते म्हणाले, माझं रान इतकं चवदार व्हतं व्हय.

आता हिराचं. हे लिहायचं मी लांबवत होतो.

मागच्या शनिवारी, म्हणजे अठरा तारखेला, संध्याकाळच्या एसटीनं ती आली. रविवारची सुट्टी म्हणून येते तशी पिशवी घेऊन नाही, ट्रंक घेऊन आली. तुझा निरोप तिला मिळाला होता. ती आधी आईजवळ गेली, पापणी वर करून बॅटरीच्या उजेडात डोळा पाहिला, दोन्ही बाजूंनी पाहिला, शिकवतात तसा. मग स्वयंपाकघरात गेली आणि एकेक झाकण उघडून आत पाहिलं. मी दारात उभा होतो, परीक्षेला बसल्यासारखा. मग ती हात धुऊन पाटावर बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती बसली होती आणि मी वाढत होतो. दोन घास खाल्ले आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी विचारलं, तिखट झालं का? ती म्हणाली, हो. (तिखट नव्हतं, आक्का. मी चाखून पाहिलं होतं.)

जेवण झाल्यावर तिनं विषय काढला, की आत्याबाई, वन्सं म्हणतात ते बरोबर आहे, मी घर टाकून गेले, लोक नावं ठेवतात, आता मी येते परत. आई सुपारी कातरत होती. तिनं कातरणं थांबवलं नाही. म्हणाली, "एका चुलीला दोन स्वैपाकी कशाला? भांडणं व्हत्याल. तू आपली सुया टोचायला शीक." हिरा म्हणाली, पण लोक. आई म्हणाली, "लोकाला म्हणावं आजारी पडा, मग ती येईल."

सोमवारी पहिल्या गाडीनं हिरा गेली. सोबत भाकरी आणि टोमॅटोची चटणी दिली. जाताना हर्षालीची वेणी घातली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, भाकरी माझ्यापेक्षा पातळ करता तुम्ही. पण ट्रंक तिनं इथंच ठेवली. मी म्हटलं घेऊन जा, तर म्हणाली राहू दे सध्या. ती ट्रंक माजघरात आहे आणि येता-जाता माझ्या पायाला लागते. म्हणूनच वर 'असावी' असं लिहिलं.

तेव्हा आईची काळजी सोड. ती बरी आहे, पोटभर खाते आणि रात्री शांत झोपते. पोरांना माझा आशीर्वाद. दाजींना पुन्हा एकदा रामराम, आणि हे पत्र त्यांच्या हाती लागलंच तर निदान कपाटात ठेवायला सांग, पारावर नको.

तुझा,
जालिंदर

ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच लिहायला बसलो होतो, पण वर कुठं घालावं ते सुचलं नाही. हिरा माझं ऐकत नाही असं नाही, पण मी तिचा नवरा, मी 'शिक' म्हटलं तर तिला वाटतं मन राखायला म्हणतो. आईनं म्हटलं तर वाटतं म्हातारी माया करते. तू म्हटलंस तर ते लोकांनी म्हटल्यासारखं होईल. तू तिला एक ओळ लिही, की कोर्स पुरा कर. कार्डावर लिही, पाकिटात नको. होस्टेलवर सगळ्यांनी वाचू दे. ट्रंक मी स्वतः पुण्याला पोचवीन.

ता. क. दुसरं. रविवारी येणारच असशील तर ये, जीपही आण. तुझ्याकडे जत्रेला काढता ते मोठं पातेलं आहे, ते जीपमध्ये टाकून आण. डबे वाढलेत आणि माझ्याकडच्या पातेल्यात दोनदा रस्सा करावा लागतो. दाजींना सांग, एक वेळ जेवून जा. पैसे घेणार नाही.

ता. क. तिसरं. आत्या, हे मी हर्षाली लिहितेय. पप्पा संध्याकाळच्या दुधाला डेअरीवर गेलेत. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, त्यातलं पत्र आजीनं माझ्याकडून परत बाहेर काढून घेतलं. आजी सांगतेय तसंच लिहितेय.

"साळे, जालिंदर लिव्हतो ते समदं खरं हाय. एकच त्याला ठावं न्हाई. डॉक्टरनी चष्मा काढा म्हणलं त्याच दिवशी सांगितलंय की आजी, आता चुलीपुढं बसलात तरी चालंल. तवा हा औषधाच्या लायनीत हुबा व्हता. मी त्याला सांगितलंच न्हाई. त्याला वाटतं मला अजून धूर चालत न्हाई. तू बी सांगू नको. हिराचा कोर्स पुरा झाल्यावर मी सांगीन. लगीन झालं तवापासून मी चुलीपुढं बसले. समद्यांची ताटं झाली की मंग माझं, जे उरल ते, गार झालेलं. आता मी पडवीत बसती. तो आतनं भाकर आणतो, ती माझ्या ताटात पडती तवा तिच्यातनं वाफ निघती. तुला काय सांगू, बाजरीला असा वास असतो हे मला म्हातारपणी कळलं. मला न्यायला येऊ नको. तुझ्याकडं मी आले तर तू मला एका जागी बसू देशील, पण मला तुझ्या चुलीपुढं गेल्याबिगर ऱ्हावणार न्हाई. हितं तसं वाटत न्हाई. तू दोन दिस ऱ्हायला ये. तू बी बस माझ्यासंगं पडवीत, अन्"

आत्या, आजी अजून सांगत होती, पण पप्पा आले आणि त्यांनी आजीला जेवायला हाक मारली.